कोळणींचा मळा

वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात रेजिनाचा आवाज सगळ्यांत मोठा. सकाळी डोक्यावर बोंबलांची टोपली घेऊन ती सांडोरच्या वाटेला लागली, की बागायतदारांच्या बायका आवाजावरूनच उंबऱ्यात येऊन उभ्या राहत. ती भावात कुणाला ऐकायची नाही, पण टोपलीच्या तळाची मासळी कधी कुणाच्या पदरात घातली नाही. बोंबील द्यायचे, बदल्यात भाजी घ्यायची, तांदूळ घ्यायचे, दुपारपर्यंत घरी. नवरा इनास अबोल माणूस. घरात बोलायचं काम रेजिनाचं आणि ऐकायचं त्याचं, असं त्यांचं सोळा-सतरा वर्षं सुरळीत चाललं होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात वादळ आलं. इनासची होडी खोल पाण्यात होती. ती परत आली नाही, आणि तिच्याबरोबर गेलेले सहाजणही आले नाहीत. बंदरात बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, डोलीची, बोंबील धरायची, जाळी कुठल्या कुठे वाहून गेली. आठवडाभर वाड्यातली माणसं किनाऱ्यानं वर-खाली फिरत होती. दोघांची प्रेतं मिळाली, इनासचं मिळालं नाही. रेजिनाला पुरायलासुद्धा काही उरलं नाही.

पुढं सुरू झाली ती उपासमार. जाळी नाहीत म्हणजे मासळी नाही. धडधाकट राहिलेल्या दोन-तीन होड्यांवर जे येई ते मोठे व्यापारी बंदरावरच उचलत. रेजिना आणि तिच्यासारख्या विधवांच्या टोपलीत पडेल असं काही शिल्लक राहत नसे. कंट्रोलच्या दुकानात लाल मिलोचा जोंधळा मिळे, तोही रांगेत उभं राहून, आणि तोही विकत. रेजिनाच्या घरात सोळा वर्षांची लिली, तिच्या पाठचे दोन लहान मुलगे, आणि खाटेला खिळलेली सासू.

जानेवारीत एकदा ती सवयीनं रिकामी टोपली घेऊनच सांडोरला गेली. काय करायला गेली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ओळखीच्या एका घरासमोर जाऊन उभी राहिली, तर तोंडातून आवाजच फुटेना. त्या घरच्या बाईनं काही विचारलं नाही. आत गेली आणि मुळ्याचा पाला, दोन किडकी वांगी आणि थोडा माठ आणून टोपलीत टाकला. रेजिनानं खाली मान घालून तो घेतला. आजवर तिनं कुणाकडून फुकट काही घेतलं नव्हतं. वाटेत एका ओसाड वाडीच्या कुंपणाशी ती बसली आणि टोपलीवर डोकं टेकून रडली.

डोळे पुसून वर बघितलं, तेव्हा तिला ती जमीन नीट दिसली. किल्ल्याच्या अलीकडची, फर्डिनंडशेटची वाडी. केळी कधीच्या मेल्या होत्या. मध्ये एक विहीर होती. तिची एक बाजू ढासळलेली, आत गाळ आणि उंबराचं झाड. पलीकडच्या वाडीत मात्र रहाट फिरत होता, लोटे भरभरून पाटात ओतत होते, आणि वाफ्यांतला मुळा हिरवागार होता. दोन्हींच्या मध्ये फक्त एक बांध.

त्या संध्याकाळी तिनं वाड्यातल्या बायकांना गोळा केलं. वादळात नवरे गेलेल्या सगळ्या आल्या. शेजारची फ्लॉसी तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन आली.

"आपन मळा करूया," रेजिना म्हणाली. "सगळ्यांनी मिळून. एकेकीला दोन-दोन वाफे. आपली भाजी आपन खायची, उरली तर पापडी गावच्या बाजारात न्यायची."

बायका हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"कोळनीनं कुदळ धरायची?" फ्लॉसी म्हणाली. "मला तर पेरायचं कसं तेही ठावं नाय."

"मलापन नाय. शिकू. तुला दुसरं काय सुचतं ते सांग."

दुसरं काही कुणालाच सुचत नव्हतं. खरं म्हणजे एक गोष्ट सगळ्यांच्या मनात होती. वांद्र्याहून एक बाई आठवड्या-आठवड्याला वाड्यात यायची. गोड बोलायची, मुलींच्या हनुवट्या धरायची. मुंबईच्या मोठ्या घरांतून कामाला पोरी हव्यात, राहणं-जेवण तिथंच, शिवाय घरच्यांना आगाऊ उचल. वाड्यातली एक मुलगी गेलीही होती. तिची आई आता कुणाशी फारशी बोलत नसे. ती बाई लिलीकडे दोनदा बघून गेली होती, आणि दोन्ही वेळा रेजिनानं तिला दारातून हाकललं होतं. मळ्याची घाई होती ती त्यासाठी.

ती फर्डिनंडशेटकडे गेली. शेट वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला ओटीवर बसवलं, चहा दिला. पण सगळं ऐकून घेतल्यावर मान हलवली.

"रेजिना, जमीन पडीकच आहे, मला तिचा काही उपयोग नाही. पण सरकारचा नवा कायदा आलाय. आज तुम्ही कसलीत, की उद्या कूळ म्हणून तुमचं नाव लागणार. मग माझ्या पोरांनी काय करायचं?"

"शेट, आमाला नाव नको. भाजी पाहिजे."

"आज नको. पोट भरलं की नाव पाहिजेसं वाटतं."

रेजिना चर्चच्या फादरकडे गेली. फादर म्हातारे होते, वादळानंतर इतक्या घरांतून फिरले होते की त्यांचे पाय सुजले होते. ते काठी टेकत स्वतः शेटकडे आले. म्हणाले, "जमीन तुझीच राहील, माझा शब्द. या बायका पीक घेतील आणि तू सांगशील तेव्हा उठतील. मी मध्ये उभा आहे." फादरचा शब्द शेटला मोडवेना. पण त्यानं अट घातली: कुठं कागद नको, सरकारदरबारी बायकांचं नाव जाता कामा नये, आणि विहिरीचा खर्च त्यांचा त्यांनी करायचा.

बायकांना वाटलं, आता झालं. पण खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

विहीर उपसायला हातांनी भागलं असतं, पण पाणी वर काढायला रहाट हवा. सुताराचं काम, सागाचं लाकूड, लोट्यांची माळ, ओढायला रेडा. कुणीतरी सांगितलं, कचेरीत जा. धान्य जास्त पिकवा म्हणून सरकार विहिरींना तगाईचं कर्ज देतंय. रेजिना आणि फ्लॉसी वसईच्या कचेरीत गेल्या. सकाळपासून व्हरांड्यात बसल्या, तेव्हा दुपारी कारकुनानं बोलावलं.

"सातबाऱ्यावर नाव कोणाचं?"

"फर्डिनंडशेटचं."

"मग त्यांना अर्ज करायला सांगा."

"ते करनार नाय. पीक आमी काढनार."

"मग तुमचं नाव कूळ म्हणून लावून आणा. नाव आणलंत तर तगाई मिळेल."

नाव लावलं तर जमीन जाणार, आणि नाव नाही तर पैसा नाही. रेजिनानं कारकुनाला ते परोपरीनं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, दुसऱ्यांदाही ऐकलं, आणि मग पुढच्या माणसाला हाक मारली. परतीच्या वाटेवर फ्लॉसी एकदम म्हणाली, "नवरा बुडाला तवा एवढं वाटलं नवतं गो, जेवडं आज वाटलं." रेजिनानं तिच्या कडेवरचं मूल आपल्याकडे घेतलं आणि दोघी घरी आल्या.

फादरांनी पुढच्या रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर लोकांना आवाहन केलं. वर्गणीचं ताट फिरलं आणि बरंचसं रिकामं परत आलं. ज्यांना द्यायची इच्छा होती त्यांच्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं ते चर्चच्या आवारात उभे राहून कुजबुजत होते, की आज घरापुरती पिकवतील आणि उद्या बाजारात आपल्याच शेजारी बसून भाव पाडतील. शिवाय त्या विहिरीला पाणी लागलं तर आपल्या विहिरींचं काय? रेजिनाच्या कानावर ते पडत होतं. त्यांतल्या अर्ध्याजणांच्या घरात तिनं बोंबील पोचवले होते.

राहता राहिला मायकल. तो इनासचा थोरला भाऊ, वाड्यातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. होड्यांसाठी वाड्यानं निधी जमवायला घेतला होता आणि तो त्याच्या हातात होता. रेजिना त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. तो फुटक्या होडीच्या फळ्या तासत होता.

"भाऊजी, रहाटापुरतं द्या. पीक आलं की फेडू."

मायकलनं हातातला वाकस खाली ठेवला नाही. "रेजिना, एक होडी उभी राहिली तर दहा घरांत चूल पेटंल. तुझ्या मळ्यात माठ उगवंपरेंत कोन थांबनार?"

"त्या दहा घरांत आमची घरं नसतील. आमच्याकडे होडीवर जायला मानूसच नाय."

त्यानं फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "वाटा देऊ की तुमाला. मासळीचा."

"कवा?"

तो पुन्हा फळी तासू लागला. रेजिना उठली. मनातल्या मनात तिला हेही कळत होतं की तो चुकीचं बोलत नाही, आणि त्यामुळंच तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

मग बायकांनी पैशाची वाट बघणं सोडलं आणि विहिरीत उतरल्या. उंबर तोडला, मुळं ओढून काढली. टोपल्या त्याच, मासळीच्या. त्यांतून काळा गाळ वर येऊ लागला. हातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. सांडोरची ती भाजी देणारी बाई, तिचं नाव फिलोमिना, बांधापलीकडून रोज बघायची. एक दिवस ती आपलं फावडं घेऊन बांध ओलांडून आली. वाफा कसा ओढायचा, रोप किती बोटं खोल लावायचं, ते तिनं दाखवलं. घरी नवऱ्यानं तिला त्याबद्दल खूप बोल लावले असं पुढं कळलं. तरी ती यायची.

फेब्रुवारी सरता सरता विहिरीला पाणी लागलं. फ्लॉसीनं ओंजळीनं चाखलं आणि खालूनच ओरडली, "गोडं हाय गो! गोडं हाय!" समुद्र एवढा जवळ, पाणी खारं लागेल अशी सगळ्यांना धास्ती होती. त्या दिवशी चिखलानं माखलेल्या त्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फिलोमिनानं वांग्या-मिरच्यांची रोपं दिली, माठ-मुळ्याचं बी दिलं. वाफे ओढून झाले.

पण जमीन पुळणीची, रेताड. हंडाभर पाणी ओतलं की क्षणात पिऊन टाकी आणि वर कोरडीच्या कोरडी. बायका पहाटेपासून दोरीनं पाणी शेंदत, हंडे वाहत, ओतत. शेवटच्या वाफ्याशी पोचेपर्यंत पहिला वाळलेला असे. मार्चचं ऊन चढू लागलं तशी रोपं माना टाकू लागली. माठ उगवला आणि जागच्या जागी पिवळा पडला. दोघीजणी यायच्या बंद झाल्या. मग फ्लॉसीनं मिठागरावर मजुरी धरली. जाताना ती रेजिनाच्या घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"माझं दूध आटलंय रेजिना. पोराला काय पाजू? तिथं रोजचा रोज पैसा मिळतो."

"जा," रेजिना म्हणाली. "मी तुझे वाफे बघते."

तिला स्वतःचेही बघणं होत नव्हतं. मुलगे पाणी वाहायला यायचे, पण धाकट्याला आता चालताना धाप लागायची. सासू दिवसभर पडून असायची आणि संध्याकाळी विचारायची, "आज कायतरी आनलंस?" रेजिना रात्री डोळे मिटायची तरी तिला कोरडे वाफेच दिसायचे. इनास असता तर, असा विचार ती करायची नाही. केला असता तर सकाळी उठलीच नसती.

एका दुपारी ती मळ्यातून आली तर लिली ओटीवर बसली होती. केस विंचरलेले, अंगावर चर्चला जायचा धुतलेला झगा. शेजारी गाठोडं.

"आय, मी जाते," लिली म्हणाली. "बाई संध्याकाळी न्यायला येनार हाय."

रेजिनानं हंडा खाली ठेवला. "कोनाला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाय म्हनाली असतीस."

"नायच म्हनते. उठ. गाठोडं आत ठेव."

लिली उठली नाही. तिनं झग्याच्या खिशातून रुमालात बांधलेली पुरचुंडी काढून आईपुढं ठेवली. "उचल घेतली मी. आता परत करता येनार नाय. रहाट लाव."

रेजिनानं तिच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. लिलीनं गाल धरला, पण रडली नाही. म्हणाली, "मार. तरीपन मी जाते. धाकल्याचे पाय बघ आय, सुजलेत. तुला दिसत नाय, मला दिसतात."

रेजिना गाठोड्याशेजारी बसली. कुणासाठी एवढं केलं ते ओरडून सांगावंसं तिला वाटत होतं. संध्याकाळी वांद्र्याची बाई आली. लिलीनं आजीच्या पाया पडून कपाळावर क्रूस करून घेतला, भावांचे मुके घेतले. रेजिना पाठ फिरवून चुलीशी बसली होती. लिलीनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. मग तो हात निघाला. रेजिनानं वळून बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. ती धावत वळणापर्यंत गेली. टांगा पुढं निघून गेला होता.

ती पुरचुंडी ओटीवर तशीच पडून राहिली. रेजिना तिला हात लावेना आणि दुसऱ्या कुणाला लावू देईना. झाडताना तिच्या कडेकडेनं झाडायची. तिकडं मळ्यात मिरच्या गेल्या, वांग्यांची निम्मी रोपं गेली. फिलोमिना म्हणाली, "आणखी चार दिवस पाणी नाही मिळालं तर उरलेलीही जातील. मग पावसाळ्यापर्यंत काही होणार नाही."

त्या संध्याकाळी रेजिनानं हात धुतले, पुरचुंडी उचलली आणि न सोडताच सुताराकडं नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली. "यात होईल तेवढा रहाट दे," म्हणाली. सुतारानं गाठ सोडली, बघितलं, आणि त्याला ते कुठून आलं हे वाड्यातल्या सगळ्यांसारखंच ठाऊक असल्यामुळं त्यानं किमतीची घासाघीस केली नाही.

रहाट बसवायच्या दिवशी मायकल आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बरोबर वाड्यातली आठ-दहा माणसं, खांद्यावर होडीचे दोर. विहिरीवर आडवी तुळई चढवणं बायकांच्यानं झालं नसतं. होडी किनाऱ्यावर ओढताना घालतात तशी आरोळी घालत त्यांनी ती चढवली. काम संपल्यावर मायकल रेजिनापाशी येऊन उभा राहिला. "पोर जाईल असं मला वाटलं नवतं," एवढंच बोलला. त्याच आठवड्यात फर्डिनंडशेटनं आपला म्हातारा रेडा पाठवून दिला. घरी नुसता उभा असतो, म्हणाला, इथं तरी हिंडेल.

पाणी पाटातून धावलं. वांग्यांची उरलेली रोपं तगली, ईस्टरनंतर दुसऱ्यांदा पेरलेला माठ वर आला. मे महिन्यात विधवांच्या घरांत रोज भाजी शिजू लागली. फ्लॉसी मिठागर सोडून आली. गेलेल्या दोघीही आल्या. धाकट्याच्या पायांची सूज हळूहळू उतरली. पावसाळ्यानंतर पापडीच्या बाजारात कोळणी वांगी विकायला बसल्या, तेव्हा बागायतदारांनी नाकं मुरडली, पण कुणी उठवलं नाही. त्या मळ्यातल्या बायकांच्या घरांतून दुसरी कुठलीही मुलगी मुंबईला गेली नाही. लोक रेजिनाचं नाव घेऊ लागले. फादर एकदा प्रवचनात तिच्याबद्दल बोलले, तेव्हा ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी, उचल फिटली असं कळल्यावर, ती लिलीला आणायला वांद्र्याला गेली. बरोबर मोठं गाठोडं होतं: वांगी, मुळे, दुधी. मोठ्या बंगल्याच्या मागच्या दारी तिला उभं केलं. लिली आली, उंच झालेली, इस्त्रीचा झगा घातलेली, आणि आईच्या गळ्यात पडली. बराच वेळ सुटली नाही.

"चल," रेजिना म्हणाली. "फिटलं सगळं. मळ्यात तुझे दोन वाफे ठेवलेत मी."

लिलीनं भाजीच्या गाठोड्याकडं बघितलं. "आय, बाईसायब मला इस्पितळात कामाला लावनार हायेत. आजाऱ्यांचं बघायचं. वाचायला पन शिकवतात." तिनं गाठोड्याची गाठ चाचपली. "मी आता वाड्यात येऊन काय करू?"

रेजिनानं तिला खूप विनवलं. त्या दारात तिनं जेवढी विनवणी केली तेवढी ती शेटपुढंही केली नव्हती, कचेरीतही नाही. लिली रडली, पण आली नाही. शेवटी आतून हाक आली आणि ती गाठोडं घेऊन आत गेली.

मळा त्यानंतर सहा वर्षं चालला. मग फर्डिनंडशेट वारला, मुलांनी जमीन मागितली, आणि फादरचा शब्द पाळून बायका मुकाट्यानं उठल्या. तोवर नव्या होड्या आल्या होत्या, मुलगे हाताशी आले होते. लिली सणाला यायची, नर्सचे पांढरे बूट घालून, आणि दोन दिवसांनी जायची.

पण वांद्र्याहून परतलेल्या त्या रात्री हे काही कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रेडा हाकायची पाळी रेजिनाची होती. ती आली तेव्हा फ्लॉसी आधीच रहाटापाशी उभी होती.

"लिली नाय आली?"

"नाय आली."

फ्लॉसीनं तिच्या हातातली काठी काढून घेतली. "बस तू तिकडं," म्हणाली, आणि रेड्याला हाक दिली. रेजिना वांग्यांच्या वाफ्याशी बसली. थोड्या वेळानं पाटातून पाणी आलं, तेव्हा ती उठली आणि फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडून तिनं ते आत घेतलं.